सिकंदर साहेब

जुन्या दिल्लीच्या उत्तर अंगाला काश्मीरी दरवाजा आहे. त्या दरवाजाजवळ उंच घुमटाचे एक ख्रिस्तमंदिर उभे आहे. ते कोणा राजाने बांधले नाही, की कोणा धर्मगुरूने बांधले नाही. एका घोडेस्वार सरदाराने रणांगणावर केलेला नवस फेडण्यासाठी ते पदरच्या पैशाने बांधले. त्या सरदाराचे नाव जेम्स स्किनर; परंतु दिल्ली आणि हरियाणा या भागांतील लोक त्याला सिकंदर साहेब म्हणत. त्याचे आडनाव इंग्रजी होते आणि आई राजपूत होती. त्याने आपले ग्रंथ फारसीत लिहिले, तलवार प्रथम मराठ्यांच्या चाकरीत धरली व पुढे इंग्रजांच्या. तो कोणाचा, हा प्रश्न लोक त्याच्या जन्मापासून विचारीत आले आणि त्याचे वय झाले तरी तो प्रश्न काही सुटला नव्हता.

स्किनरचा जन्म 1778 साली कलकत्त्यास झाला. आज आपण ज्याला कोलकाता म्हणतो ते शहर त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्याची राजधानी होते. एकाच शहराचे दोन भाग पडले होते. किल्ला, रुंद रस्ते आणि खांबांच्या पडव्या असलेली मोठमोठी घरे ही गोऱ्यांची वस्ती. आणि उत्तरेकडचे दाट बाजार व अरुंद गल्ल्या ही एतद्देशीयांची वस्ती. इंग्रज लोक या भागांना सरळसरळ गोरे शहर आणि काळे शहर असे म्हणत. दोहोंच्या मधोमध एक तिसराच समाज वाढत होता. कंपनीच्या पुष्कळ अधिकाऱ्यांनी हिंदी स्त्रियांशी संसार थाटले होते. त्या संसारांतील मुले बापाची भाषा बोलत आणि आईच्या भाषेत रडत. त्यांना गोऱ्या शहरात पुढचे आसन मिळत नसे आणि काळ्या शहरात त्यांना कोणी आपले म्हणत नसे.

जेम्सचे वडील हर्क्युलिस स्किनर हे मूळचे स्कॉटलंडचे. कंपनीच्या फौजेत ते एक लहान अधिकारी होते. जेम्सची आई राजपूत जमीनदाराची मुलगी. लढाईच्या धामधुमीत कोवळ्या वयात ती कैद झाली आणि हर्क्युलिसच्या हाती आली. पुढे तिने त्याचाच संसार केला. त्यांना तीन मुलगे व तीन मुली अशी सहा अपत्ये झाली. घर परक्याचे असले तरी तिने आपल्या कुळाचे रीतिरिवाज सोडले नव्हते. राजपूत घरातील मुलींनी पडद्याबाहेर पडू नये, हा त्यांतला एक रिवाज होता. मुली मोठ्या होऊ लागल्या तेव्हा वडिलांनी त्यांना शाळेत पाठविण्याचे ठरविले. वडिलांच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नव्हते. मुलींनी चार अक्षरे शिकावीत एवढीच त्यांची इच्छा होती. आईला मात्र त्यात आपल्या कुळाची अब्रू गेली असे वाटले. हे दुःख तिला सोसले नाही. 1790 साली तिने आपल्या हातांनी आपल्या जीवनाचा शेवट केला. मुलींचे शिक्षण हे आज आपल्याला भूषण वाटते. तेव्हा त्या मातेची समजूत चुकीची होती, असे म्हणणे सोपे आहे. परंतु एका छपराखाली दोन जगे नांदत होती आणि त्यांच्यामध्ये दुभाषा कोणी नव्हता, हे ध्यानात घेतल्यावाचून तिची व्यथा कळणार नाही. जेम्स त्या वेळी बारा वर्षांचा होता.

आई गेल्यावर जेम्स आणि त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट यांची रवानगी धर्मादाय शाळेत झाली, कारण वडिलांचा पगार तुटपुंजा होता. पुढे वडिलांना बढती मिळाली तेव्हा दरमहा तीस रुपये भरून मुलांना बऱ्या शाळेत ठेवता आले. तेथे जेम्स लिहा-वाचावयास शिकला. त्याची वृत्ती मोकळी होती, अंगात रग होती आणि वडिलांप्रमाणे शिपाई व्हावे, असे त्याला मनापासून वाटे. त्यात नवल ते काय? शिपायाचा मुलगा शिपाईगिरीचीच स्वप्ने पाहणार.

परंतु ते दार त्याच्यासाठी नुकतेच बंद झाले होते. 1791 साली कंपनीच्या संचालकांनी एक नियम केला. ज्याची आई किंवा बाप हिंदी असेल, अशा कोणालाही कंपनीच्या मुलकी, लष्करी अथवा आरमारी सेवेत अधिकाराची जागा मिळू नये, असा तो नियम होता. चार वर्षांनी, 1795 साली, तो अधिकच कडक करण्यात आला. आईबाप दोघेही युरोपीय असतील त्यालाच लढाऊ सैनिक म्हणून घ्यावे. इतरांनी फार तर पलटणीत बासरी फुंकावी, नगारा वाजवावा किंवा घोड्यांना नाल ठोकावेत, असे ठरले. मुलाची हुशारी कोणी पाहावयाची नाही, हिंमत पाहावयाची नाही. त्याची आई कोण एवढेच विचारावयाचे! वडील ज्या फौजेत उभा जन्म घालवीत होते, त्या फौजेत मुलाला नगारा वाजविण्यापलीकडे काही मिळणार नव्हते.

तेव्हा वडिलांनी दुसरा मार्ग शोधला. थोरला मुलगा डेव्हिड याने समुद्राचा रस्ता धरला. जेम्सला त्यांनी एका छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवले. सात वर्षे तेथे राहून त्याने तो धंदा शिकावा, असा करार झाला. छापखान्याचा धंदा काही हलका नव्हे. त्या काळी कलकत्त्यात त्याला चांगले दिवस आले होते. पण ज्याच्या डोळ्यांपुढे रात्रंदिवस घोडे आणि तलवारी नाचत आहेत, त्याला शाई आणि खिळे यांत गोडी कशी वाटावी? तीनच दिवसांत जेम्सचा जीव उबगला. एका रात्री तो तेथून पळाला. खिशात चार आणे होते.

ते चार आणे त्याने सहा दिवस पुरविले. पुढे काय? कलकत्त्याच्या बाजारात तो मिळेल ते काम करू लागला. कोणाचे ओझे वाहून न्यावे, कोणा सुताराच्या गिरमिटाची दोरी ओढावी, अशी कामे करून त्याला दिवसाला दोन आणे मिळत. त्यांतला एक आणा पोटाला पुरे आणि एक आणा शिल्लक राही. काळ्या शहरातल्या त्या बाजारात कप्तानाचा हा मुलगा हमालाची पाटी उचलत हिंडत होता आणि त्याची कोणी विचारपूस करीत नव्हते. त्या दिवसांची आठवण त्याने पुढे मोठेपणीही लपविली नाही. आपल्या आठवणींत ती स्वतःच नमूद करून ठेविली.

एके दिवशी त्याच्या थोरल्या बहिणीच्या घरच्या एका नोकराने त्याला बाजारात ओळखले आणि धरून घरी नेले. मेहुण्याने त्याला कायद्याचे कागद नकलून काढण्याच्या कामाला बसविले. पुन्हा शाई आणि पुन्हा कागद! सुदैवाने त्याचे धर्मपिता कर्नल बर्न कलकत्त्यास आले. मुलाचा कल कशाकडे आहे, हे त्यांनी त्यालाच विचारले. इतके दिवस हे कोणी विचारलेच नव्हते. आपल्याला शिपाई व्हावयाचे आहे, असे जेम्सने सांगितले. कर्नलसाहेबांनी त्याच्या हातावर तीनशे रुपये ठेविले आणि त्याला कानपूरला पाठविले. कंपनीच्या फौजेत त्याला जागा देणे त्यांच्या हाती नव्हते. परंतु हिंदुस्थानात कंपनीखेरीज दुसऱ्याही फौजा होत्या. त्यांतल्या सर्वांत बलाढ्य फौजेच्या सेनापतीला त्यांनी पत्र दिले. ती फौज मराठ्यांची होती.

उत्तर हिंदुस्थानात मराठी सत्तेचा दरारा बसविणारे महादजी शिंदे 1794 साली पुण्याजवळ वानवडी येथे निवर्तले होते आणि त्यांच्या गादीवर दौलतराव शिंदे आले होते. कवायती पलटणी आणि तोफखाना यांवाचून पुढचे युद्ध जिंकता येणार नाही, हे महादजींनी वेळीच ओळखले होते. म्हणून सॅव्हॉय प्रांताचा रहिवासी डी बॉईन याच्या हाताखाली त्यांनी नव्या पद्धतीचे सैन्य उभारले होते. त्याचा मुख्य तळ कोइल, म्हणजे आजचे अलीगढ, येथे होता. त्या सैन्यात फ्रेंच होते, इंग्रज होते, स्कॉटिश होते. राजपूत, पठाण आणि रोहिले होते. आणि ज्यांना कंपनीने दार लावून घेतले होते असे जेम्ससारखे तरुणही होते. जेम्स तेथे पोचला तेव्हा त्याचे वय सतरा-अठरा वर्षांचे असेल. डी बॉईनने पत्र वाचले आणि त्याला दरमहा दीडशे रुपये पगारावर कनिष्ठ अधिकाऱ्याची जागा दिली. बापाच्या लोकांनी नाकारलेली तलवार त्याच्या कमरेला मराठ्यांनी बांधली.

पुढची सात-आठ वर्षे स्किनर शिंद्यांच्या चाकरीत राहिला. हिंदुस्थानी सरदारांबरोबर तो ढाल-तलवार, भाला आणि धनुष्यबाण शिकला. फारसी व हिंदुस्थानी या भाषा तो अस्खलित बोले. हाताखालच्या स्वारांशी तो त्यांच्या रीतीने बोले-वागे. त्यामुळे त्यांना तो परका वाटत नसे. त्याचा भाऊ रॉबर्ट हाही पुढे त्याच सैन्यात दाखल झाला.

1800 सालची गोष्ट. करौलीच्या राजाच्या मदतीसाठी स्किनरला आपली पलटण घेऊन राजपुतान्यात जावे लागले. टोंकजवळच्या उनियारा संस्थानाशी लढाई जुंपली. करौलीच्या फौजेने ऐन वेळी पाय मागे घेतला आणि स्किनरची एकटी पलटण मोठ्या शत्रूच्या तोंडी सापडली. पलटण शर्थीने लढली. पण संख्येपुढे कोणाचे चालणार? बहुतेक शिपाई पडले. दुपारच्या सुमारास स्किनरला बंदुकीची गोळी लागली आणि तोही बेशुद्ध होऊन रणात कोसळला.

त्याला शुद्ध आली तेव्हा लुटारूंनी अंगावरची वस्त्रेही ओरबाडून नेली होती. भोवती मेलेल्यांचे ढीग आणि जखमींचे कण्हणे. त्याच्याजवळच त्याच्या पलटणीचा एक वृद्ध राजपूत सुभेदार पडला होता. त्याचा पाय तोफेच्या माऱ्यात तुटला होता. पाणी मागावे तर द्यावयाला कोणी नाही. रात्र झाली. कोल्हे मैदानात शिरले. ज्यांच्या अंगात थोडे त्राण उरले होते, ते खडे मारून त्यांना हाकलीत. तो दिवस गेला, दुसरी रात्रही तशीच गेली. आपण जगलो तर देवाचे मंदिर बांधू, असा नवस त्या वेळी स्किनरने मनोमन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा आणि एक म्हातारी मैदानात आली. तिच्या डोक्यावर टोपली होती आणि जवळ पाण्याचे मडके होते. टोपलीत ज्वारीच्या भाकरी होत्या. प्रत्येक जखमीजवळ जाऊन ती भाकरीचा तुकडा देई आणि पाणी पाजी. हा आपल्या बाजूचा की शत्रूच्या बाजूचा, हे तिने कोणालाच विचारले नाही. स्किनरने भाकरी खाल्ली आणि पाणी प्याले. मग ती सुभेदाराकडे वळली. पण सुभेदाराने मान फिरविली. ती स्त्री चर्मकार समाजातली होती, आणि त्या समाजाला त्या काळी अस्पृश्य मानीत. तिच्या हातचे पाणी प्यालो तर आपला धर्म जाईल, असे त्या राजपुताला वाटले. स्किनरने त्याला परोपरीने विनविले. आता घटका-दोन घटकांचेच आयुष्य उरले आहे. थोड्या वेदनेसाठी आयुष्यभर जपलेला धर्म का सोडावा, असे सुभेदाराचे म्हणणे होते. तहानेने जीव व्याकूळ झाला असूनही त्याने ओठ उघडले नाहीत.

स्किनर हे सारे पाहत होता. कंपनीने त्याच्या आईच्या रक्ताचा विटाळ मानला होता, आणि येथे त्याचा स्वतःचा शूर सुभेदार एका दयाळू बाईच्या हाताचा विटाळ मानीत होता. ज्या कारणाने आपली आई गेली, तेही याच जातीचे होते, हे त्याला तेथे आठवले असेल का? आपल्या आठवणींत तो तसे काही सांगत नाही. तो फक्त त्या बाईची हकिगत सविस्तर लिहितो. तिचे गाव कोणते हे त्याने तेथेच विचारून घेतले होते.

त्या दिवशी दुपारी उनियाराच्या राजाची माणसे आली. त्यांनी जखमींना उचलून छावणीत नेले. राजाने शत्रूच्या या सरदाराची शुश्रूषा करविली आणि बरा झाल्यावर त्याला सन्मानाने सोडून दिले. मोकळा होताच स्किनरने पहिल्या काही कामांत एक काम केले. त्या म्हातारीला त्याने एक हजार रुपये पाठविले आणि तिला आपली आई म्हटले.

1803 साली कंपनी आणि मराठे यांच्यामध्ये युद्ध पेटले. शिंद्यांच्या उत्तरेकडील सैन्याचा सेनापती त्या वेळी पेरॉन नावाचा फ्रेंच गृहस्थ होता. इंग्रज रक्ताचे अधिकारी इंग्रजांविरुद्ध मनापासून लढणार नाहीत, असा त्याला संशय आला. त्याने त्या सर्वांना एकदम चाकरीतून काढून टाकले. त्यांत स्किनरही होता. ज्यांच्या चाकरीत आपण रक्त सांडले त्यांना सोडून जाण्याची त्याची मुळीच इच्छा नव्हती. तो पेरॉनकडे गेला, आपल्याला ठेवून घ्यावे म्हणून त्याने पुनःपुन्हा आर्जव केले. पेरॉनने ऐकले नाही. बारा वर्षांपूर्वी कंपनीने त्याला आई हिंदी म्हणून नाकारले होते. आता बाप इंग्रज म्हणून पेरॉनने नाकारले. आपला जन्म म्हणजे दोन्ही बाजूंनी कापणारी धार आहे, असे त्याला वाटल्यावाचून राहिले नाही.

निरुपायाने तो इंग्रज सेनापती लॉर्ड लेक याच्या छावणीत गेला. तेथेही त्याने एक अट घातली. आपले जुने धनी शिंदे यांच्याविरुद्ध आपण शस्त्र धरणार नाही, अशी ती अट होती. लेकने ती मान्य केली. ज्या धन्याच्या सेनापतीने संशयाने घालवून दिले, त्या धन्याच्या मिठाला जागण्याची ही बुद्धी त्याच्या आयुष्यातल्या कोणत्याही विजयापेक्षा मोठी मानावी लागेल.

थोड्याच दिवसांत दिल्ली इंग्रजांच्या हाती पडली. पेरॉनच्या सैन्यातील सुमारे दोन हजार स्वार इंग्रजांकडे आले. तुमचा नायक कोण असावा, असे लेकने त्यांनाच विचारले. त्यांनी एकमुखाने सिकंदर साहेबांचे नाव घेतले. स्किनर या परक्या नावाचे त्यांच्या जिभेवर केव्हाच सिकंदर झाले होते. असे त्याचे प्रसिद्ध रिसाले उभे राहिले. स्वारांच्या अंगांत पिवळे अंगरखे असत, म्हणून लोक त्यांना पिवळे स्वार म्हणू लागले. पुढे यशवंतराव होळकरांचा पाठलाग, पेंढाऱ्यांची मोहीम, 1826 साली पडलेला भरतपूरचा किल्ला अशा अनेक स्वाऱ्यांत हे रिसाले होते. त्या लढायांची यादी देण्याचे येथे कारण नाही. शिंद्यांविरुद्ध न लढण्याची अट घालणाऱ्या या माणसाने इतर मराठी व हिंदी सत्तांविरुद्ध कंपनीच्या बाजूने तलवार चालविली, ही गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ती झाकून त्याचे चरित्र पुरे होत नाही.

आणि कंपनीने त्याला काय दिले? लढाईच्या वेळी मान दिला आणि लढाई संपताच नियमांचे पुस्तक उघडले. त्याला जमिनीचे उत्पन्न द्यावयाचे ठरले तेव्हा असे निघाले की, तो ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे त्याला हिंदुस्थानात जमीन धारण करता येत नाही. पण अधिकाऱ्याचा दर्जा मागावा तर तो पुरेसा ब्रिटिश नव्हता! ज्या दिवशी नाकारावयाचे असेल त्या दिवशी त्याचे जे रक्त सोईचे, ते पुढे करण्यात येई. वीस-वीस वर्षे घोड्यावर काढलेल्या या सरदाराला काल विलायतेहून आलेल्या कोवळ्या पोरांपेक्षा खालचा समजत. रंगाचा आणि जातीचा भेद न पाहणाऱ्या लोकांची आपण सेवा करीत आहोत, या समजुतीत आपण होतो आणि ती समजूत खोटी ठरली, असे त्याने खिन्नपणे नमूद केले आहे. पुढे त्याला जमीन मिळाली. 1820 नंतरच्या दशकाच्या अखेरीस लेफ्टनंट कर्नलचा दर्जा आणि इंग्लंडच्या राजाचा एक बहुमानही मिळाला. तोवर त्याने पन्नाशी गाठली होती.

हा अन्याय एकट्या स्किनरचा नव्हता. कलकत्त्यातील मिश्र वंशाच्या लोकांनी आपल्या गाऱ्हाण्यांचा अर्ज तयार केला. जॉन रिकेट्स नावाचा त्यांचा पुढारी तो घेऊन विलायतेला गेला आणि 1830 साली तो अर्ज पार्लमेंटपुढे आला. 1833 च्या कायद्यात धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांवरून कोणालाही कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवू नये, असे कलम घालण्यात आले. कागदावरचे कलम माणसांच्या वागण्यात उतरावयास किती काळ लागतो, हे सांगावयास नकोच.

स्किनरने आपले घर हांसी येथे केले होते. हे गाव आजच्या हरियाणात आहे. तेथे तो एखाद्या मोगल उमरावासारखा राहत असे. संध्याकाळी स्वार, शेतकरी, फकीर, साहेबलोक सगळेच त्याच्या दारी येत. त्याच हांसीला राहून 1825 साली त्याने फारसीत एक मोठा सचित्र ग्रंथ पुरा केला. त्याचे नाव तश्रीह-उल-अक्वाम. हिंदुस्थानातील नाना जातिजमातींची उत्पत्ती, त्यांचे धंदे आणि रीतिभाती त्यात वर्णिल्या आहेत. न्हावी, सुतार, विणकर, जोगी, गारुडी अशा साध्यासुध्या माणसांची सुरेख चित्रे दिल्लीच्या चित्रकारांकडून काढवून त्याने ती ग्रंथात घातली. ज्याला कोणतीच जात आपला म्हणावयास तयार नव्हती, त्याने सर्व जातींचा ग्रंथ लिहावा, हा योग विलक्षण होय. पाच वर्षांनी त्याने हिंदी राजेरजवाड्यांच्या घराण्यांवर दुसरा ग्रंथ लिहिला.

उनियाराच्या मैदानातला नवस तो विसरला नव्हता. लढाया, कर्ज, मुलेबाळे यांतून सवड होईपर्यंत पंचवीस-तीस वर्षे गेली. काश्मीरी दरवाजाजवळ 1826 साली मंदिराचा पाया घातला गेला आणि 1836 च्या नोव्हेंबरात ते उपासनेसाठी खुले झाले. त्यासाठी त्याने लाखाच्या जवळपास रुपये खर्च केले. दिल्लीतले ते पहिले मोठे ख्रिस्तमंदिर. आपण मेल्यावर आपल्याला उंबरठ्याखाली पुरावे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे पाय आपल्यावर पडतील, अशी त्याची इच्छा होती असे सांगतात.

4 डिसेंबर 1841 रोजी हांसी येथे स्किनर वारला. प्रथम त्याला तेथेच पुरले होते. पुढच्या जानेवारीत त्याचा देह उकरून दिल्लीला नेण्यात आला. हांसीपासून दिल्लीपर्यंतचा सव्वाशे-दीडशे किलोमीटरांचा रस्ता त्याच्या स्वारांनी त्या पेटीबरोबर तोडला. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. दिल्ली जवळ आली तेव्हा शहरातली माणसे रस्त्याच्या दुतर्फा लोटली. दिल्लीने अनेक बादशहांच्या अंत्ययात्रा पाहिल्या होत्या. पण अशी गर्दी त्यांतल्या कोणाच्या नशिबी आली नाही, असे त्या दिवशी म्हातारी माणसे बोलत होती.

उंबरठ्याखाली मात्र त्याला पुरले नाही. मंदिरात वेदीच्या समोर त्याची समाधी आहे. त्याने उभारलेले रिसाले स्वतंत्र भारताच्या सेनेत आले आणि त्याच्या नावानेच राहिले. त्यांचा मूळ रंग पिवळा. उनियाराच्या त्या म्हातारीचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.